जानरावांचं काउंटर

लोणारला सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं लॉज आहे. खाली जेवणघर, वर खोल्या. जानरावांची उमर तिथंच गेली. पाणी भरायचं, ताटं लावायची, पाहुण्यांना सरोवर दाखवून आणायचं. त्यांची बायको बनाबाई मागच्या सैपाकघरात भाकरी थापायची.

जानरावांना माणसांची भारी हौस. पाहुणा जिना चढेस्तोवर त्याचं गाव, पगार, पोरंबाळं सगळं त्यांना ठाऊक झालेलं असायचं. कोणी एकटा आला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "एकटेच काऊन आले? घरचे कुठी हायेत?" कोणी अर्धी भाकर टाकली तर ते ताटासमोर ठाण मांडून बसायचे.

अशाच एका हिवाळ्यात जर्मनीहून वाल्टर आले. शाळेतून रिटायर झालेले मास्तर. बायको वारलेली, मुलगी दूर नोकरीला. सरोवरावरच्या पक्ष्यांची चित्रं काढायला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट अर्धं टाकलं. जानराव समोर बसले. पोट दुखते का, घरची याद येते का, सगळं हातवारे करून विचारलं. वाल्टर हसले. ताट उचलून थेट मागं सैपाकघरात आले आणि चुलीपुढच्या ज्वारीच्या पोत्यावर बसून जेवले. तेव्हापासून ते पोतं त्यांचं.

मग ते दर हिवाळ्याला यायला लागले. जानरावांनी त्यांच्याकडून थोडं जर्मन उचललं, त्यांनी जानरावांकडून मराठी. ती मराठी पुस्तकातली नव्हती. बाजारात उभं राहून ते "काऊन बे, महाग देऊन राह्यला!" म्हणायचे, तेव्हा भाजीवाला तराजू खाली ठेवून हसायचा. एकदा जानरावांनी त्यांना साखरखेर्ड्याला बहिणीच्या शेतात हुरडा खायला नेलं. बहीण त्यांना वाल्टरभाऊ म्हणाली. मग सगळेच म्हणायला लागले.

ते निघाले की जानराव एसटी स्टँडपर्यंत जायचे. गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभे राहायचे. पाहुण्याला दारातूनच वाटेला लावायचं नसतं, हे त्यांना कुठल्या कोर्सात शिकावं लागलं नव्हतं.

पुढे लॉज मालकाच्या मुलाकडे, राजकुमारकडे आलं. नव्या फरश्या आल्या. पुढच्या दाराशी काचेचं काउंटर आलं. राजकुमार माणूस वाईट नव्हता.

"जानरावकाका, फॉरेनर वाढून राह्यले. तुमाले तर जर्मन येते. बुलडाण्याले कोर्स हाये, करून घ्या. संक्रांतीपर्यंत तुमचं काम पाहतो. मंग काउंटर तुमचं, कायमचं."

जानरावांच्या बापानं जन्मभर मोठ्या घरांच्या मागच्या दाराशी उभं राहून काम केलं होतं. त्याचा मुलगा आता पुढच्या दाराशी, काचेमागं, पांढऱ्या सदऱ्यात उभा राहणार होता. जानरावांना काही दिवस नीट झोप आली नाही.

कोर्सला पुण्याच्या गार्गी मॅडम होत्या. त्यांनी जर्मन, फ्रेंच, जपानी नमस्कार शिकवले. खोली दाखवायला, बिल द्यायला, माफी मागायला लागणारी वाक्यं शिकवली. मग रीतीभाती सांगितल्या. वय विचारू नका. लग्न, पगार विचारू नका. जेवणाचा आग्रह नको. अंगाला हात लावू नका. सैपाकघरात नेऊ नका. पाहुण्याला एकटं राहायचं असतं, त्याचा मान ठेवा. जानराव रोज सकाळी अंगणात हे घोकायचे.

"कोंबड्याले गुटन मॉर्गन करून राह्यले का?" बनाबाई म्हणायची. "तो देशी हाये. त्याले नाही समजत."

शेवटच्या दिवशी मॅडम आणखी एक सांगत होत्या. हे सगळं अनोळखी माणसासाठी आहे, ओळख झाली की माणूस बघून वागा. जानराव तेव्हा आरशापुढे काउंटरसाठी मिळालेला गळ्यातला बो टाय सरळ करत होते. कानावर पडलं. आत उतरलं नाही.

त्या हिवाळ्यात वाल्टर आले ते वाळलेले दिसत होते. रिक्षातूनच ओरडले, "जानराव! मी येऊन राह्यलो बे!"

जानराव काउंटरमागं हात मागे बांधून उभे होते.

"गुटन आबेंड, सर. वेलकम."

वाल्टर खदखदून हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. गळाभेटीला त्यांनी हात पसरले. जानरावांनी नमस्कार केला.

"बनाबाई कशी हाये?"

"फाईन, सर."

वाल्टरांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. नजर मात्र जानरावांच्या मागं गेली, जणू खरे जानराव आत कुठंतरी असतील.

जेवण टेबलावर लागलं, रुमालाची घडी घालून. वाल्टरांनी ताट अर्धं टाकलं. जानरावांच्या तोंडाशी प्रश्न आला होता. तो त्यांनी गिळला. "फिनिश्ड, सर?" म्हणाले आणि ताट उचललं. दुसऱ्या दिवशीही तेच. आपल्याला जमतंय, याचा त्यांना आनंदच होता.

मग राजकुमार एका लग्नाला मेहकरला गेला. त्या संध्याकाळी वाल्टर खाली आले. काचेवर हात टेकून हळू म्हणाले, "जानराव, पोत्यावर बसू? मले तुले काही सांगाचं हाये."

आजूबाजूला कोणी नव्हतं. सैपाकघरात फक्त बनाबाई होती.

"सॉरी, सर. किचनमध्ये गेस्ट अलाउड नाही."

वाल्टरांनी काचेवरचा हात काढून घेतला.

"हाव," ते म्हणाले. "बरोबर." आणि जिना चढून गेले.

बनाबाईनं आतून आवाज दिला. "काऊन आले नाही वाल्टरभाऊ? भाकर तव्यावर हाये!"

"त्यायले एकटं राहू दे," जानराव म्हणाले. "असं विचारत नसतात."

"कोण म्हणते?"

जानरावांनी काउंटरची काच पुसायला घेतली.

दुसऱ्या सकाळी वाल्टर ठरल्यापेक्षा लवकर निघाले. जानरावांनी बॅग रिक्षात ठेवली, नमस्कार केला आणि काउंटरवर परतले. काउंटर सोडायचं नव्हतं. रिक्षा वळताना वाल्टरांनी मागं पाहिलं. स्टँडवर त्यांच्या खिडकीशी त्या वर्षी कोणी उभं नव्हतं.

संक्रांतीला काउंटर जानरावांचं झालं. बनाबाईनं तिळगूळ वाटला.

यंदा हिवाळ्याच्या तोंडावर फोन आला. बाई इंग्रजीत बोलत होती. वाल्टरांची मुलगी. यावर्षी बाबांची खोली ठेवू नका, म्हणाली. ते गेले.

माफी मागायचं जर्मन वाक्य जानरावांना पाठ होतं. चहा उशिरा आला, तर म्हणायचं वाक्य. ते त्यांनी म्हटलं, आणि त्यांनाच ते थिटं वाटलं. मग सगळं शिकलेलं सुटलं. मोडक्या इंग्रजीत ते विचारत सुटले. जेवत होते का? दुखत होतं का फार? जवळ कोण होतं? तू एकटीच हायेस का आता?

ती रागावली नाही. रडली, आणि मग भरभरून बोलली. म्हणाली, दुखणं त्यांना वर्षभरापूर्वीच कळलं होतं. मला सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. आधी लोणारच्या मित्राला सांगून येतो, मग तुला काय ते सांगतो, असं म्हणून गेले. परत आले ते त्याला न सांगताच. मित्र फार कामात होता, म्हणाले.

"नाही," जानराव मराठीतच म्हणाले. "काम नव्हतं मले."

वाल्टर आले होते त्या आठवड्यात लॉजवर दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं.

तिनं विचारलं, काय म्हणालात? जानरावांना ते कुठल्याच भाषेत तिला सांगता आलं नाही.

फोन ठेवून ते काउंटर सोडून आत गेले. बनाबाई भाकर थापत होती. "कोणाचा फोन हो?"

पोतं चुलीपुढे होतं. जानराव त्याच्यावर बसले नाहीत. गळ्यातला बो ओढून काढला आणि पोत्याशेजारी जमिनीवर बसले.

"वाल्टरभाऊचा," ते म्हणाले.