अर्धीच वाचलेली नोंद

हसनाबादच्या रखमाजींची लेक शालू जालन्यात एका बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. उगवण चाचणीच्या कपाटातलं तापमान एक यंत्र दर मिनिटाला टिपायचं. ती नोंद संगणकात वाचून घेणारा सी भाषेतला प्रोग्राम तिनंच लिहिला होता.

अहवालात आधी फक्त सरासरी छापायचे; या महिन्यापासून तासातासाचे आकडे छापायला लागले, आणि एका सकाळी सोयाबीनच्या एका लॉटची, म्हणजे एकत्र तपासल्या जाणाऱ्या पोत्यांची, आदल्या दिवसाची नोंद दुपारनंतर कोरी निघाली.

"नोंद अर्धी, म्हणजे चाचणी रद्द," प्रमुख अप्पाराव सर म्हणाले. "चारपर्यंत काय ते सांगा, न्हाईतर लॉट बाद."

कोंब मोजणाऱ्या नंदाबाई चिडल्या. "शंभरात एक्क्याण्णव उगवलेत, ताई. कपाट बंद पडलं असतं तर असे कोंब आले असते का?"

शालूनं कपाट अन् यंत्र दोन्ही तपासलं. कपाट ठीक, यंत्र ठीक. मंग चुकलं कोण? तिनं आपला कोड ओळ न् ओळ वाचला, आणि चूक सापडली. तिचा प्रोग्राम यंत्राकडं एका दमात चार हजार बाइट, म्हणजे चार हजार अक्षरं, मागत होता. यंत्र हाताशी असतील तेवढेच देई, अन् प्रोग्राम तेवढ्यालाच शेवट समजे. वाचता वाचता संगणकातल्या घड्याळाचा सिग्नल आला की वाचन तुटे, आणि प्रोग्राम त्यालाही बिघाड समजून फाईल बंद करी. खरं तर तेव्हा फक्त पुन्हा मागायचं होतं.

तिनं नवं लिहिलं: आलं तेवढं मोज, उरलेलं परत माग, मधेच तुटलं तर तिथूनच सुरू कर, शून्य आलं तरच संपलं समज, आणि तरीही कमी भरलं तर तसं स्पष्ट सांग. यंत्रात आठवड्याची नोंद शिल्लक होती. सव्वातीनला ती पुरी आली. तापमान बराबर होतं. लॉट वाचला.

नंदाबाई हसल्या, पण शालूला हसू फुटेना. जुना प्रोग्राम तीन महिने चालला होता. तिनं मागच्या फायली काढल्या. सोयाबीनचे दोन लॉट अर्ध्या नोंदीवरच पास झाले होते, अन् यंत्रातून ती नोंद केव्हाच पुसली गेली होती.

ती अप्पाराव सरांसमोर उभी राहिली. "सर, माझी चूक झाली. आणखी दोन लॉट आहेत."

सरांनी विचारलं, "पोती कुठं हायेत?"

"गोदामातच. आत्ताच बघून आले."

"मंग जल्दी थांबवा. पुन्हा चाचणी लावा."

आठ दिवस शालूला जेवण गोड लागलं नाही. आठव्या दिवशी नंदाबाईंनी मोजलं. एका लॉटचे अठ्ठ्याऐंशी आले, दुसऱ्याचे बासष्टच; पास व्हायला सत्तर लागत. त्या दुसऱ्या लॉटची पोती कुण्या शेतकऱ्याच्या घरी गेली नाहीत.