एक रकाना कोरा

बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात मी टिचबटणं घ्यायला गेले होते. दादाच्या सदऱ्यांची साधी बटणं उसवून त्या जागी टिचबटणं लावायचं काम मी दोन वर्षं करत आले, कारण उजवा हात गेल्यावर एका हातानं काज-बटण लावणं त्याला जमेना. दुकानदार निवांत एकेक डबा काढून दाखवत होता, मी नेहमीप्रमाणे त्याच्यावर करवादत होते, आणि शेजारच्या सुधीरचा फोन आला. "बुआजी, आप घर आ जाइए." एवढंच... पुढचं त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बटणं तेवढी घेतली. का घेतली ते मला आजही सांगता यायचं नाही. सहा आठवडे झाले, पुडी तशीच बांधलेली आहे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले की त्यानं मला ठेवून घेतलं, यावरचं आमचं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आमचे वडील अमरावतीकडून जबलपूरला फॅक्टरीत नोकरीला आले, त्यांच्यामागे दादाही तिथंच लागला आणि तपासणी विभागात निवृत्त झाला. दुसऱ्यांनी बनवलेला माल त्याच्या टेबलावर यायचा, हा गेज लावून मापायचा आणि पास किंवा परत असा शेरा मारायचा. घरीही तेच. कुकरची रिंग आणायला हा माणूस खिशात व्हर्नियर घेऊन जायचा आणि दुकानात उभं राहून रिंगेची जाडी मोजायचा. मी लाजेनं चार दुकानं पुढे जाऊन उभी राहायची. त्याचे नियम दोन. ज्यानं बनवलं त्यानं मोजायचं नाही. आणि जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. रकाना कोरा ठेवायचा, शेजारी 'बाकी' लिहायचं आणि कोणाला विचारायचं त्याचं नाव टाकायचं.

माझं सगळं उलटं. मी केंद्र सरकारच्या कार्यालयात तेहतीस वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे रिकामा रकाना म्हणजे फाईल परत आली म्हणून समजा. काही ना काही भरायचं आणि कागद पुढे ढकलायचा. "तुझ्या फायली खोट्या आहेत, मालू," तो म्हणायचा. मी म्हणायची, "आणि तुमचा माल तर फाटकाबाहेर निघतच नाही." जेवताना हे ठरलेलं होतं. वरणात मीठ कमी असलं तरी दादा 'बाकी' म्हणायचा.

मग एका सकाळी दाढी करता करता वस्तरा खाली पडला. मी धावत गेले तर अर्ध्या गालाला साबण तसाच आणि तोंड एका बाजूला ओढलेलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता, पाय ओढत होता, आणि शब्द दारापर्यंत येऊन परत जात होते. आधीही दादा फार बोलका नव्हताच. पण न बोलणं आणि बोलता न येणं यात केवढं अंतर असतं, ते मला तेव्हा कळलं.

व्यायामाच्या विभागात रश्मी नावाची मुलगी होती, जबलपूरजवळच्या पाटनची, हसतमुख. दर तीन महिन्यांनी ती एक फॉर्म पुढे करायची. सदरा घालणं किती अवघड जातं, घास तोंडापर्यंत नेणं किती, मनातलं सांगणं किती... एक म्हणजे अजिबात जमत नाही, पाच म्हणजे काहीच त्रास नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं, हे कशाला? "आंटी, बीपी का माप होता है, तो जीने का भी माप होना चाहिए ना. अंकल को कितना फ़र्क पड़ा, हमें कैसे पता चलेगा?" दादाचा चेहरा उजळला. आजारपणानंतर पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या भाषेत बोलत होतं. त्यानं फॉर्म डाव्या हातानं जवळ ओढला आणि पहिल्या प्रश्नावर विचार करायला लागला. पाच मिनिटं झाली. मागे बाकावर माणसं खोळंबलेली. "काय आठवून राहिला, दादा? लोक बसले आहेत. सांग पटकन." "थांब... कालचा... आणि परवाचा..." तो म्हणाला. मी पेन घेतलं आणि चार लिहून टाकले. पुढचेही तसेच. फॉर्म भरणं माझ्या डाव्या हाताचा मळ होता.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता: तुमच्यामुळे घरच्यांवर भार पडतो असं तुम्हाला वाटतं का? तो मी मोठ्यानं वाचलाच नाही. 'कधीच नाही'वर खूण केली. पण डोळे दादाचे शाबूत होते. त्यानं डावं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते बोट हलकेच उचलून बाजूला केलं आणि कागद रश्मीला दिला. पुढे दर वेळी हेच झालं. तो बोट ठेवायचा, मी उचलायची.

खरं सांगते, मला त्याचं उत्तर ऐकायची भीती वाटत होती. तो 'हो' म्हणाला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं? एका हिवाळ्यात पाटनकडचा मटार आला, तेव्हा तो माझ्याजवळ वाटी घेऊन बसला. शेंग मांडीखाली दाबायची, डाव्या अंगठ्यानं फोडायची, एकेक दाणा वाटीत. निम्मे दाणे खाली जमिनीवर. मला भाजी टाकायची घाई. तासभर पाहिलं आणि वाटी ओढून घेतली. "राहू दे, मी करते." मायेनं म्हणाले असं कोणाला वाटलं तर वाटो. वैतागून म्हणाले होते. आणि पुढच्या फॉर्मवर 'हातानं बारीक काम' याच्यापुढे चार लिहिले.

माझे आकडे असे चढत गेले. रश्मी खूश. "अंकल तो बहुत अच्छे जा रहे हैं," म्हणाली आणि आठवड्यातून दोनदा बोलावत होती ते महिन्यातून एकदा केलं. मी घरी येताना पेढे आणले, शेजारी वाटले. दादानं पेढ्याला हात लावला नाही. बराच वेळ शब्द जुळवत राहिला आणि म्हणाला, "माल... पास... नाही." मला असा राग आला. "काहून असं अभद्र बोलून राहिला? चांगलं चाललं आहे ते पाहवत नाही का?" त्या दिवशी मी जेवणापुरतीच बोलले.

दुसरा झटका आला तेव्हा मी बाजारात होते. डॉक्टर म्हणाले, त्याचा आणि व्यायाम कमी होण्याचा संबंध जोडू नका, तो यायचा तर आलाच असता. मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं, सगळे तेच म्हणाले. दिवसभर कामात असले की मला ते पटतंही.

तेराव्यानंतर त्याची पत्र्याची पेटी उघडली. व्हर्नियर, दोन जुने गेज, तेलाचा फडका... आणि त्याखाली एक फॉर्म. पुढच्या वेळचा, रश्मीनं आधीच देऊन ठेवलेला. डाव्या हातानं भरलेला, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, शाई तीन रंगांची. म्हणजे कितीतरी दिवस बसून भरला असणार. घरात मीच होते आणि मला पत्ता नव्हता. 'सदरा : २. टिचबटणामुळे. नाहीतर १.' 'बोलणं : २. सकाळी ३.' 'बारीक काम : १. मटार एक तास, अर्धी वाटी. पुढचं मोजता आलं नाही.' ज्याचं त्यानं मोजायचं नाही हा स्वतःचा नियम दादानं मोडला होता. दुसरं काय करणार होता बिचारा, मोजणारी मी होते.

आधी राग आला, तोही सांगायला हवा. माझ्या मागे मला खोटं पाडलं म्हणून. मग शेवटचं पान उलटलं. त्या प्रश्नापुढचा रकाना कोरा होता. शेजारी लिहिलं होतं : 'बाकी. मालूला विचारणे.'

मी तिथेच फरशीवर बसले आणि खूप रडले. मला वाटत होतं तो सांगायला बोट ठेवतो. तो तर विचारत होता.

तू विचारतो आहेस हे कळलं असतं तर सांगितलं असतं, दादा. हो, काही दिवस पडत होता भार. मटाराच्या दिवशी पडला होता. पण तुझ्या सदऱ्यांना बटणं लावताना कधी नाही पडला, आणि तू समोर बसून वरणाला 'बाकी' म्हणायचास तेव्हा तर कधीच नाही. याचा आकडा किती होतो, तो तूच काढला असतास.

मागच्या आठवड्यात रश्मीचा फोन आला. बिचारी आधी रडली, मग चाचरत म्हणाली की फाईल बंद करायची आहे, अंकलचा शेवटचा फॉर्म भरलेला आहे का? मी म्हटलं, "एक सवाल बाकी है, बेटा." ती म्हणाली, "कोई बात नहीं आंटी, जब हो जाए तब दे दीजिए."

दुपारची कामं आटोपली की मी दादाच्या खुर्चीत बसते, पेटी मांडीवर घेते, फॉर्म काढते, पेन उघडते. तेहतीस वर्षांत एक रकाना रिकामा सोडला नाही मी. हा भरता येत नाही. माझं उत्तर मी लिहीन, पण रकाना त्याचा आहे आणि ते ऐकून त्याला काय वाटलं असतं ते मला माहीत नाही. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही... मी पेनाला टोपण लावते, कागद घडी करून गेजखाली ठेवते, आणि वर ती बटणांची पुडी.