तळव्यानं ढकलायची लिव्हर

सुकापूरच्या सायकल दुकानात मी माझे जुने गियर बदलायला गेले होते. माझ्या आधी एक काका गियरची तुटलेली लिव्हर घेऊन उभे होते.

“असली जुनी आता येत नाय, काका. नवीन बसवा,” दुकानदार म्हणाला.

“नवीनला अंगठा लागतो. ही तळव्यानं ढकलता येते.” काकांनी उजवा हात दाखवला. अंगठा नव्हता; कळंबोलीच्या लोखंड बाजारात काम करताना लोखंडाखाली गेला, म्हणाले. “तो तरी बाजारात कुठं मिळतो?” ते एकटेच हसले.

अनोळखी माणसांशी मी बोलत नाही. तरी दुकानदाराला म्हटलं, “माझ्या सायकलची लिव्हर तशीच जुनी आहे, ती काढून यांना बसवा.”

लिव्हर बसल्यावर काकांनी ती तळव्यानं दोनदा पुढेमागे केली.

“आता पुलाच्या चढावर उतराया नको,” एवढंच म्हणाले आणि विचुंब्याकडे निघाले.