सुटलेली रेघ

ह्यांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्यांचे आकडे सुनेने, मुक्ताने, कॉम्प्युटरवर भरले आणि त्यांचा आलेख काढला. रेघ आपली वर वर चाललेली. उद्या डॉक्टर डायलिसिसचं ठरवणार, म्हणून औषध कुठे बदललं, ताप कुठे आला, ते आलेखावरच लिहून न्यायचं होतं. मुक्ताने दोन बटणं दाबली.

"आई, आता हे नुसतं चित्र झालं. हवं तिथे लिहा. फक्त रेघेला धक्का लावू नका, आकड्यांपासून सुटलीये ती." आणि ती कुकर बघायला गेली.

धक्का लावू नका म्हटल्यावर मी गप्प बसेन होय?

तरुणपणी पाटबंधारे खात्यात मी पावसाचे आलेख काढायची. काय तो तोरा! एक ठिपका हलला म्हणून साहेबांशी भांडले होते. आकड्यापुढे कुणाचं चालत नाही, असं नाक वर करून सगळ्यांना सांगायची. सांगायला काय जात होतं? आकडे पावसाचे होते. घरच्या माणसाचा आकडा त्या शहाणीने कधी बघितलाच नव्हता.

मी रेघेचं टोक पकडून खाली ओढलं. आली की मुकाट्याने! इतक्या देवांना विनवून जे झालं नाही, ते एका बोटाने झालं.

हे मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. सुजलेल्या पावलांचा हल्ली आवाजच होत नाही. आता रागावतील, असं वाटलं.

खुर्चीच्या पाठीला धरून हे वाकले आणि हळूच म्हणाले, "अजून थोडी खाली घे की गं."