बघण्याच्या दिवशी धाकटी घरातच

मुलांनो, तुमच्या लहान भावाला ऑटिझम आहे असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुमची आई फोनवर मला एकच गोष्ट विचारते: नातेवाइकांना सांगायचं का? तिला मी उत्तर दिलं आहे. ते तुम्हालाही माहीत असावं, म्हणून लिहिते.

माझ्या धाकटीला, म्हणजे तुमच्या मावशीलाही ऑटिझम आहे. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नव्हता. शेजारणी तिला वेडी म्हणत. मी इंग्रजी शिकून नोकरीला गेले म्हणून पोर अशी झाली, असंही म्हणत. नाव कळलं ते पुण्याच्या डॉक्टरांकडून. तिथे तशी आणखी मुलं भेटली. एक मुलगा एसटीच्या गाड्यांबद्दल बोलताना थांबतच नव्हता. एका मुलीला कुणी हात लावलेला खपत नव्हता. आमची बोलायची नाही, पण दिसेल त्याला बिलगायची. आणि कुकरची शिट्टी झाली की किंचाळायची, म्हणून आमच्याकडे डाळ पातेल्यात शिजे. तुमचा भाऊ भरपूर बोलतो, म्हणून त्याला काही नाहीच असं कुणी म्हटलं, तर ऐकून घेऊ नका.

पुढे तुमच्या आईला बघायला पाहुणे यायचे ठरले. माझ्या जाऊबाईंनी सुचवलं, धाकटीला तेवढ्यापुरतं मलकापूरला त्यांच्या माहेरी ठेवू. "थोरलीचं लगीन व्हायचं हाय का न्हाय?" मी तुमच्या आईलाच विचारलं. ती म्हणाली, धाकटी घरात नसेल तर मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही.

पाहुणे आले. मुलाची आत्या नेमकी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. ती धाकटीची जागा. धाकटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली ती हलेना. मी कारण सांगितलं आणि बाईंना दुसरीकडे बसायची विनंती केली.

"असलं पोर आत ठेवायचं असतं, बाई," त्या म्हणाल्या.

"हे तिचं घर आहे. पाहुण्या तुम्ही आहात."

चहा न घेताच ते उठले. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. पुढची स्थळंही अशीच गेली, आणि गल्लीच्या लेखी थोरलीचं वाटोळं करणारी मीच. धाकटी मात्र दर वेळी बाहेरच्या खोलीतच बसली.

मग चंदगडहून तुमची दुसरी आजी आली. तीही त्याच खुर्चीत बसली होती. धाकटी समोर येताच ती उठली, "बस की बाळ," म्हणाली आणि सतरंजीवर टेकली. चहा झाल्यावर तिनं मला सरळ विचारलं, "हे नातवंडास्नी बी हुईल का?"

होऊ शकेल, आत्ता कुणी सांगू शकत नाही, असं मी म्हटलं. तिनं रिकामा कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बरं. सुपारी कवा फोडायची?" म्हणजे लग्न ठरलं.

तुमच्या आईला मी एवढंच सांगितलं: सगळ्यांना सांग. ज्याला उठून जायचं असेल, तो जाईल.

मावशी अजूनही फारसं बोलत नाही. आमच्याकडे कुणीही आलं, तरी ती बाहेरच्या खोलीतच असते.