झोपवतो म्हणू नका

बेबीताईच्या रागाला कारण लागत नाही, असं तिच्या गावात म्हणतात. साफ खोटं आहे. बाभुळगावच्या बाजारात भेंडीवाला जून भेंड्या खाली दडवतो आणि बेबीताई त्याची पाटीच उलटी करते, तेव्हा लोक भेंड्या पाहत नाहीत, बाईचं तोंड पाहतात. सतराव्या वर्षी ती गोविंदाच्या घरात आली. तेव्हापासून कपाशीचं बी कोणतं लावायचं इथपासून पाहुण्याला चहा पाजायचा की नाही इथपर्यंत सगळं तिच्या आवाजावर चालतं. गोविंदा भला माणूस. आवाज चढला की तो बैलांना पाणी दाखवायला निघून जातो. त्या बैलांइतकं पाणी तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या बैलांनी पाहिलं नसेल.

त्यांची एकुलती एक लेक निकिता, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. नाक आईचं, जीभही आईचीच. पण तोंडात एक सुळा कमी. तो उगवलाच नव्हता. टाळूत आडवा रुतून बसला होता आणि शेजारच्या दातांची मुळं खात होता. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरांनी तारा बसवल्या, सुळ्यासाठी जागा केली आणि मग म्हणाले, आता हिरडी कापून तो उघडा करावा लागेल. त्याला बारीक साखळी चिकटवून तारेने हळूहळू खाली ओढू. नाही केलं तर पुढचे दोन दात जातील.

आधी हिरडीत नुसतं इंजेक्शन देऊन करायचं ठरलं. सुई जवळ येताच निकिता डॉक्टरांच्या बोटाला चावली आणि गळ्यातल्या कागदी रुमालासकट तिने थेट बसस्टँड गाठलं. लोक हसले. हसणाऱ्यांना काय जातं? लहानपणी दाढ काढताना चौघांनी तिचे हातपाय दाबून धरले होते, आणि त्या चौघांत बेबीताईही होती.

मग डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवलं.

"तीन वाटा आहेत," ते म्हणाले. "एक म्हणजे फक्त जागा बधिर करायची, ही पूर्ण जागी. दुसरी, मोठ्या दवाखान्यात पूर्ण भूल, घशात नळी घालून. एवढ्याशा कामाला मी ती सुचवणार नाही. तिसरी मधली. जागा बधिर करायचीच, शिवाय शिरेतून औषध द्यायचं. श्वास तिचा तीच घेईल, हाक मारली की ओ देईल, पण भीती वाटणार नाही आणि नंतर फारसं आठवणारही नाही. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत उशाशी असतील. थोडक्यात काय, आपण हिला झोपवू."

एवढं सगळं नीट सांगून माणसाने शेवटच्या वाक्यात माती खावी, ती अशी.

"झोपवतो म्हणू नका!" बेबीताई एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारात माना घातल्या. "हा शब्द माह्यासमोर काढायचा नाई!"

डॉक्टर बिचारे गोंधळले. त्यांना पिंटू कुठून माहीत असणार?

पिंटू बेबीताईचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी, ज्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि कीटकनाशक फवारणारे मजूर एकामागून एक पडले, त्यातला एक. फवारा वर मारायचा आणि तोच तोंडावर घ्यायचा, असं ते काम होतं. संध्याकाळी पिंटूला दिसेनासं झालं, तोंडाला फेस आला. दवाखान्यात त्याच्या घशात नळी घातली, मशीन लावलं. त्या दवाखान्याचं नाव बेबीताई आजही घेत नाही. ती बाहेर फरशीवर बसून राहायची. कोणी पांढऱ्या कोटातलं दिसलं की विचारायची, आणि प्रत्येक जण चालता चालता एकच सांगायचा, "झोपवलंय त्याला, काळजी करू नका." ती रोज फडक्यात भाकर बांधून न्यायची, उठला की खाईल म्हणून. पिंटू उठला नाही. विषाने आत काय केलं, मशीन कशाला लावलं, हे तिला आधीही कोणी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. भाऊ गेल्याचा राग तर होताच. पण रडणाऱ्या पोराला समजवावं तसं आपल्याला झोपेचं सांगून बसवून ठेवलं, ह्याने तिच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. तिच्या जागी मी असतो तर त्या फरशीवर डोकं फोडलं असतं, स्वतःचं नाहीतर दुसऱ्याचं.

घरी रणकंदन झालं.

"जागी ठेवलं तं मी पुन्हा पळीन," निकिता म्हणाली. "मी मधलंच करीन. तोंड माहं हाय."

"एक झोपला तो उठला नाई. तुले समजत नाई का?"

"मामाले विष चढलं होतं, माय! माह्या नुसतं दाताचं काम हाय!"

"तोंड चालवू नको माह्यासंग!"

गोविंदा बैलांकडे गेला. शेवटी निकिताने आईला न विचारता फोन करून तारीख घेतली. बेबीताईने भांडी आपटली, ताटावरून उठली आणि मग म्हणाली, "कर. पण काही झालं तं त्या डॉक्टरचे दात मी पाडीन."

दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, ते काही चूक नाही. चूक पुढे झाली.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून निकिताला फोन आला. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. तिने घरात सांगितलं तेव्हा बेबीताईने हुं केलं. सकाळी मात्र ती दही-साखरेची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी. या घरातून महत्त्वाच्या कामाला निघणारं माणूस तळहातावर दही घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. परीक्षा असो, पेरणी असो, सोयरीक असो. दही म्हणजे शकुन. त्याला खाणं कोण म्हणतं? निकिताने वाटीकडे पाहिलं, मग आईच्या कपाळावरच्या आठ्यांकडे पाहिलं, आणि निमूट तळहात चाटला.

दवाखान्यात भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही," निकिता म्हणाली. दाराशी उभ्या बेबीताईनेही मान हलवली. दह्याचं तिच्या मनातही आलं नाही.

बाईंनी हातात सुई लावली, बोटाला चिमटा अडकवला आणि आईचा चेहरा पाहून आपण होऊन म्हणाल्या, "ताई, उपाशी का ठेवतो सांगू? या औषधाने घसा सुस्तावतो. पोटातलं वर आलं तर ते श्वासात उतरू शकतं. माणूस गुदमरतो. म्हणून एवढं विचारतो."

बेबीताईला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरने न विचारता कारण सांगितलं होतं. तिला सकाळची दह्याची वाटी आठवली.

"थांबा!" ती किंचाळली. "दही खाल्लं तिनं! मी देल्लं!"

सुई निघाली. आज नाही, पुढची तारीख घ्या, असं सांगून बाई गेल्या. त्यांचाही आवाज चढला होता, आणि चढायलाच हवा होता.

बाहेरच्या ओसरीत बेबीताईने लेकीला दंडाला धरून गदागदा हलवलं. "तुले माहीत होतं काय हे?"

"होतं. फोनवरच सांगतलं होतं त्याईनं. सगळं."

"मंग खाल्लं काहून? वरून नाई म्हनून सांगतलं! मराले गेलती काय?"

निकिता आईचीच लेक, तिने नजर खाली घेतली नाही.

"दही नाई घेतलं असतं तं तू मले गाडीत बसू देलं असतं काय? खरं सांग. अपशकुन केला म्हनून तिथंच मोडलं असतं सगळं. इथं खरं बोलली असती तरी तेच झालं असतं. मले भुलीची भीती नाई वाटत, माय. तुह्या रागाची वाटते."

भेंडीवाल्याला, सासूला, नवऱ्याला, डॉक्टरला, अख्ख्या जगाला उत्तर असलेली बाई. कोणावर तरी ओरडावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. ओसरीत कोणीच नव्हतं.

पुढच्या तारखेला निकिता बापाबरोबर गेली. बेबीताई त्याआधीच, अंधार असतानाच शेतात निघून गेली होती, उंबऱ्यात उभं राहायला नको म्हणून. दिवसभर ती कापूस वेचत राहिली. फोन पदराच्या गाठीत होता आणि हात दर बोंडागणिक गाठीकडे जात होता. दुपार कलल्यावर तो वाजला.

"माय." आवाज जड, बोबडा, ओठ बधिर असल्यासारखा. "उठली मी."

"उठली तं बोलून काहून राह्यली?" बेबीताई कडाडली, तशा शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. "तोंड बंद ठेव! टाके तुटतीन!"

मग ती तिथेच कपाशीत खाली बसली आणि पिंटूचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडली.