पूर्णविरामानंतर दोन जागा

कॅसलरॉकच्या स्टेशनात टायपिंग करत निवृत्त झालेले आमचे घरमालक अज्जा नसते, तर मी आज जतला परत जाऊन ज्वारी खुडत बसले असते. म्हणून आधी त्यांचे उपकार, मग माझा पराक्रम.

आठवीत शाळा सोडलेल्या मुलीला संगणकापुढं बसवलं, ही माझ्या नव्या नोकरीतल्या साहेबांची केवढी कृपा! जोयडा तालुक्यातल्या बायकांनी सांगितलेल्या कंदमुळांच्या पाककृती टाइप करायच्या आणि एकसारख्या रुंदीच्या ओळींत बसवायच्या. महिनाभर पारख, मग ठेवायचं की नाही ते ठरणार. सुरणानं कुणाचा घसा खाजला तर साहेबांना चालणार होतं, पण पूर्णविरामानंतर एकाऐवजी दोन मोकळ्या जागा दिसल्या, की "तुझ्या गावाची गाडी किती वाजता असते?"

ओळी बसवायला 'एफएमटी' नावाची संगणकाची आज्ञा होती. भलतीच विद्वान. काही पूर्णविरामांनंतर ती एक जागा सोडायची, काहींनंतर दोन. मी आधी जादा जागा दाबून दोनाची एक करायची, मग एफएमटी चालवायची. पुन्हा दोन! हातानं दुरुस्त करून परत चालवलं, तर आता भलत्याच ठिकाणी दोन.

साहेब उद्या सकाळच्या गाडीनं येणार, आणि मी अज्जांच्या पडवीत दोन छापील कागद घेऊन रडकुंडीला आलेली. एक मूळ, एक ओळी बसवलेला. अज्जांनी दोन्हींवर भिंग फिरवलं.

"हे बघ. जुन्या कागदावर ओळीच्या टोकाला टिंब हाय, तिथंच नव्यात दोन जागा. टोकाला टिंब म्हंजे वाक्य संपलं, असं वाटतंय त्याला. आमास्नी टायपिंगात हेच शिकवलं व्हतं, वाक्य संपलं की दोन."

"पण अज्जा, जागा तर मी आधीच दाबल्या होत्या."

"आधी? तण कोळपून मग पेरतीस व्हय गं? तुमच्या जतंत असंच करत्यात?"

जतची अब्रू राखायला मी क्रम उलटा केला. आधी ओळी, मग जागा. सगळी वाक्यं एका दमात शहाणी झाली.

सकाळी साहेबांनी पानापानावर बोट फिरवलं. चूक न सापडल्याचं दुःख गिळून म्हणाले, "बरं. राहा."

अज्जांना मी अजून कपभर चहापलीकडं काही दिलेलं नाही. स्टेशनातल्या दिवसांची त्यांनी लिहिलेली एक वही आहे. साहेबांच्या नजरेआड, एक दिवस ती मी टाइप करून देईन, आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर न चुकता दोन जागा सोडीन.